रुमालाखालचा हात

मार्केट यार्डात माझ्या टेबलावर
कायम एक घडी घातलेला टॉवेल असतो.
पट्ट्या लिहिताना तो मनगटाखाली.
तरी कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवर
शेतकऱ्याचं नाव पोहत असल्यासारखं उमटतं.
वजन वाचता येतं, आडनाव नाही.

हळद इथं कोरडीच असते,
हवेत, पापण्यांवर, चहाच्या कपात.
फक्त माझ्या तळव्यावर तिचा चिखल होतो.
'लग्नाआधीच हळद लागली की तुला,' हमाल हसायचे.
पुढं हसायचे थांबले.
कागलच्या पाहुण्यांनी पोह्यांची बशी घेताना
माझी बोटं बघितली. म्हणाले, पोरगी भित्री दिसते.
मी भ्याले नव्हते.
मला तर तो मुलगाही आवडला नव्हता.

आधार केंद्रातलं पोरगं म्हणालं, पुसा. परत पुसा.
तुमचे ठसेच नाहीत मॅडम.
मी आहे की, म्हटलं,
एवढी ओलीचिंब समोर बसलेय.

मिरजेच्या डॉक्टर मुजावर बाईंनी
तळव्याला आयोडीन फासलं, पंख्याखाली वाळवलं,
वरून पिठी भुरभुरली. साधी, मक्याची.
आधी एक काळानिळा ठिपका.
मग दहा. मग मोजायचं सोडलं.
आयर्विन पुलाच्या खांबावरचे आकडे
पुरात एकेक करून बुडतात,
तशी आयुष्यरेषा गेली, मग तिच्यावरची.
एवढं सगळं माझ्यातून येतं,
हे मी पहिल्यांदा रंगात बघितलं.

थायरॉइड? ठीक. साखर? ठीक.
'झोपेत येतो घाम?'
नाही. झोपेत हे हात दुसऱ्या कुणाचे तरी असतात.
'घरात आणखी कुणाला?'

नाही म्हणणारच होते.

तेव्हा सौदे रुमालाखाली व्हायचे.
दोन हात आत, तोंडं गप्प,
बोटं दाबून भाव.
आप्पा आडत्याचे मुनीम. त्यांचा हात हातात आला की
व्यापाऱ्याची भुवई हलायची:
ओला हात म्हणजे अडलेला माणूस,
ओढा अजून पन्नास खाली.
बाबगोंडा मगदूम घाबरतो, हे यार्डाला पाठ होतं.
आई रुमाल धुवायची. साबण लागला की लाल,
खळबळला की परत पिवळा.
तीही म्हणायची, मन खंबीर करा जरा.
आप्पा मन खंबीर करत राहिले
तीस वर्षं,
आणि रोग मनात नव्हताच.

'वडिलांना,' मी म्हटलं.
बाईंनी लिहून घेतलं. अर्धी ओळ.

आता रात्री औषध लावून हातमोजे. चरचरतं.
आठवड्यातून तीनदा मिरज.
दोन ट्रे, दोन हात, आणि मुंग्यांएवढी वीज.
'पाणी कसलं?' 'नळाचं.'
घामावर इलाज पाणी! मला हसू आलं, बाईंनाही.
अंगठी काढून ठेवा, नर्स म्हणाली.
नाहीये, म्हटलं, आणि हात बुडवले.

बरं होईल?
'कमी होईल. सोडलंत तर परत येईल.
इंजेक्शनं आहेत, महाग. नस कापायचं ऑपरेशनही आहे,
पण मग कधी कधी पाठीला धारा लागतात.
ते राहू दे आत्ता.'

सातव्या खेपेला परत येताना
वडापच्या दांडीवरून हात घसरला नाही.
एवढंच. शेजारच्या बाईला काय कळणार.
काल तिसऱ्या प्रतीवर एक आडनाव वाचलं: खोचगे.
उगाच मोठ्यानं वाचलं.
शेठ म्हणाले, काय झालं?

रात्री ट्रंकेतून आप्पांचा रुमाल काढला.
मोजे बाजूला ठेवले, हात खाली घातला.
कोरडा होता. मग थोडा नव्हता.
पाचही बोटं दाबली,
दाबून धरली.
कुणी भाव पाडला नाही.